आम्ही, त्या आणि आपण

वाचक-पत्र

ताई, मी चोवीस वर्षांची आहे आणि आमच्या क्लबच्या महिला व्हॉलीबॉल संघाची कर्णधार आहे. या हंगामाच्या सुरुवातीला दुसरा एक क्लब बंद पडला आणि त्यांच्या सहाजणी आमच्याकडे आल्या. आम्ही जुन्या आठजणी. आम्ही त्यांना मोकळ्या मनानं सामावून घेतलं. आमची जर्सी दिली, आमची घोषणा शिकवली. कर्णधार झाल्यावर पहिल्याच दिवशी मी एकजुटीवर बोलले, सगळ्यांना जेवायलाही घेऊन गेले. तरी त्या वेगळ्याच राहतात. टाइमआउटला एका बाजूला उभ्या असतात. त्यांची सेटर, म्हणजे स्मॅशसाठी बॉल उचलून देणारी, एकतीस वर्षांची, अनुभवी. मैदानात सगळ्या तिचंच ऐकतात, हल्ली आमच्यातल्या दोघीतिघीही. अटीतटीला ती बॉल तिच्या जुन्या मैत्रिणींनाच देते. संघातली सगळ्यात चांगली स्मॅशर मी आहे, पण मला बॉल येत नाही. सरावात आमच्या सहाजणी विरुद्ध त्या सहाजणी असा सामना होतो, तेव्हा मात्र त्या जीव तोडून खेळतात. सरांना सांगून तिला दोन सामने बाहेर बसवावं का? की मीच कर्णधारपद सोडू?

— एक कर्णधार

उत्तर

प्रिय कर्णधार,

तुझं पत्र मी दोनदा वाचलं. पहिल्यांदा हकीकत कळावी म्हणून आणि दुसऱ्यांदा हातात पेन्सिल घेऊन. 'आम्ही', 'आमची', 'आमच्यातल्या' या शब्दांखाली एक रेघ मारत गेले, 'त्या' आणि 'त्यांची' यांच्याखाली दुसरी. 'आपण' कुठे सापडतं का, हे शेवटच्या ओळीपर्यंत शोधलं. सापडलं नाही.

ही शब्दांची बारीकसारीक गोष्ट आहे असं मला वाटत नाही. संघ आणि नेतृत्व यांवरचं बरंचसं संशोधन इंग्रजीत लिहिलं जातं. तिथे 'वुई' हा एकच शब्द, बोलणारी समोरचीला धरून बोलते आहे की वगळून, हे त्यातून कळत नाही. मराठीत लपायला जागाच नाही. 'आम्ही जिंकलो' म्हटलं की ऐकणारी बाहेर राहते, 'आपण जिंकलो' म्हटलं की आत येते. पहिल्या दिवशी तू एकजुटीवर काय बोललीस हे त्या सहाजणी विसरल्याही असतील. पण बूट बांधताना, पाणी पिताना, हरल्यावर बॅग भरताना तू कुठला शब्द वापरतेस, ते त्यांच्या कानावर रोज पडतं.

'सामावून घेतलं' हेही एकदा तपासून बघ. नाव तुमचं, जर्सी तुमची, घोषणा तुमची, कर्णधार तुमच्यातली. त्यांचा क्लब बंद पडला हे तू अर्ध्या वाक्यात सांगून पुढे गेलीस. त्यातल्या एखादीनं तिथे शाळेत असल्यापासून खेळ शिकला असेल. दोन संस्था एकत्र येतात तेव्हा काय होतं यावर मानसशास्त्रज्ञांनी बरंच काम केलं आहे. त्यातून पुन्हा पुन्हा दिसतं की आपलं जुनं काहीतरी नव्या घडीत टिकून आहे असं ज्यांना वाटतं, ती माणसं नव्या संस्थेत लवकर रुळतात. ज्यांचं सगळंच पुसलं जातं ती अंग चोरून राहतात. तू मनानं चांगलीच वागलीस, याबद्दल मला शंका नाही. फक्त तू त्यांना तुमच्यासारखं होण्याचं आमंत्रण दिलंस, आणि ते स्वीकारायचं तर आधी स्वतःचं सोडावं लागतं.

त्यांच्या वेगळं राहण्यात दुष्टपणा शोधू नकोस. हेन्री टॅजफेल या मानसशास्त्रज्ञानं ब्रिस्टलमधल्या चौदा-पंधरा वर्षांच्या मुलांवर काही प्रयोग केले, ते १९७० आणि १९७१ मध्ये प्रसिद्ध झाले. पडद्यावरचे ठिपके मोजण्याचा अंदाज किंवा दोन चित्रकारांपैकी कोण जास्त आवडतो, अशा फुटकळ कारणावरून मुलांचे गट पडलेत असं त्यांना सांगितलं. मुलं एकमेकांशी बोलली नाहीत, आपल्या गटात कोण आहे हेही त्यांना ठाऊक नव्हतं. तरीही पैसे वाटायची वेळ आली तेव्हा त्यांनी स्वतःच्या गटाला झुकतं माप दिलं. पुष्कळदा तर आपल्या गटाला थोडं कमी मिळालं तरी चालेल, पण दुसऱ्या गटाशी फरक राहिला पाहिजे, अशी वाटणी केली. ठिपक्यांवरून हे होतं, तर वर्षानुवर्षं एकत्र घाम गाळलेल्या सहाजणी एकमेकींना धरून राहणारच. तुम्ही आठजणीही तेच करता आहात. संख्येनं जास्त असल्यामुळे आणि नाव तुमचं असल्यामुळे ते तुम्हाला दिसत नाही, एवढंच.

आता सरावातल्या त्या सामन्याबद्दल, कारण तुझ्या पत्रातली मला सगळ्यात खटकलेली गोष्ट तीच आहे. तो आजच्या आज बंद करायला सरांना सांग. १९५४ मध्ये मुझफ्फर शेरीफ यांनी अमेरिकेतल्या ओक्लाहोमा राज्यात एका उन्हाळी शिबिरात २२ मुलांचे दोन गट केले. गटांना नावं मिळाली, झेंडे आले, मग त्यांच्यात रस्सीखेच आणि बेसबॉलचे सामने लावले. थोड्याच दिवसांत एकमेकांचे झेंडे जाळण्यापर्यंत मजल गेली. (हे भांडण मोठ्यांनी जाणूनबुजून पेटवलं होतं आणि मुलांना त्याची कल्पना नव्हती. मला तो प्रयोग आजही क्रूर वाटतो.) त्यानंतर दोन्ही गटांना एकत्र सिनेमा दाखवला, एकत्र जेवायला बसवलं. मुलांनी एकमेकांवर अन्न फेकलं. तुझं ते जेवण का फुकट गेलं, याचं उत्तर इथे आहे. शेजारी बसल्यानं काही होत नाही. शिबिराचं पाणी बंद पडलं आणि दोन्ही गटांना मिळून बिघाड शोधावा लागला, मालमोटार अडकली आणि सगळ्यांनी मिळून ओढल्याशिवाय ती हलेना, अशा कामांमधून ती मुलं हळूहळू एक झाली. मोटार ओढायला जो दोर वापरला, तो रस्सीखेचीचाच होता.

तुमच्या सरावात तो दोर अजून रस्सीखेचीलाच वापरला जातो आहे. सरावात तुम्ही एकमेकींना हरवायचा सराव करता आणि मग सामन्याच्या दिवशी एका बाजूला उभं राहायचं ठरवता. प्रत्येक सरावात दोन्हीकडे मिसळून सहा-सहाजणी असू देत, आणि जोड्या दर आठवड्याला बदलू देत. त्यांची सेटर आणि तू नेहमी एकाच बाजूला.

ते का, हे सांगते, कारण बॉल न मिळण्याचं दुःख मला कळतं. सेटर आणि स्मॅशरचा मेळ हातापायांत मुरावा लागतो. तू कुठल्या पावलावर उडी घेतेस, तुझा हात किती वर पोचतो, बॉल नेटपासून किती लांब हवा, हे सेटरला न बघता कळायला हवं, कारण बघायला वेळच नसतो. तिच्या जुन्या मैत्रिणींबरोबर हे तिनं शेकडो संध्याकाळी घोटलं आहे. तुझ्याबरोबर एक हंगामही झालेला नाही. २३-२३ असताना पहिला पास वाकडा आला आणि तिला मागे धावत जाऊन बॉल उचलावा लागला, तर हात ओळखीच्या दिशेलाच जातो.

तिच्या मनात काहीच नसेल असं मी म्हणत नाही. पण आधी मोज. मागच्या दोन-तीन सामन्यांचं कुणी मोबाइलवर चित्रीकरण केलं असेल तर ते घेऊन बस. तू पुढच्या रांगेत होतीस तेवढेच पॉइंट धर. एका रकान्यात पहिला पास नीट आला तेव्हा बॉल कुणाकडे गेला ते लिही, दुसऱ्यात पास खराब होता तेव्हाचं. फक्त खराब पासवर तू टाळली जात असशील, तर ती सवय आहे. सरावानंतर रोज वीस मिनिटं तुम्ही दोघींनी मिळून बॉल मारलेत तर ती सुटेल. चांगल्या पासवरही टाळली जात असशील, तर तिच्याशी बोलायला तुझ्या हातात नुसता संशय नसेल, कागद असेल. आणि हा कागद कुणाला दाखवायच्या आधी तिला एकटीला दाखव.

मैदानात तिचं ऐकलं जातं, हे तू तक्रारीच्या सुरात लिहिलं आहेस. कर्णधाराच्या छातीवरच्या नंबराखाली ८ सेंटिमीटर लांब आणि २ सेंटिमीटर रुंद पट्टी असते. व्हॉलीबॉलच्या नियमपुस्तकात त्या पट्टीसोबत काय काय येतं ते वाचून बघ: नाणेफेकीला जाणं, गुणपत्रकावर सही करणं, बॉल खेळात नसताना पंचांशी बोलणं. मैदानात सगळ्यांनी कुणाचं ऐकावं, याबद्दल त्यात एक ओळही नाही.

बेल्जियममधल्या काट्रीन फ्रान्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. नऊ सांघिक खेळांमधल्या ४,४५१ खेळाडूंना आणि प्रशिक्षकांना त्यांनी विचारलं की संघात खरं नेतृत्व कोण करतं. चार कामं वेगळी धरली होती: मैदानात डावपेच सांगणं, उमेद देणं, मैदानाबाहेर माणसं जोडून ठेवणं आणि क्लब, पंच, बाहेरचं जग यांच्याशी बोलणं. ४४ टक्के लोकांनी आपल्या कर्णधाराला या चारपैकी एकाही कामात पहिलं मानलं नाही. यात कर्णधार नालायक होते असं नाही. चारही कामं एका माणसाच्या अंगात क्वचितच असतात, आणि कर्णधार निवडताना पुष्कळदा खेळ आणि ज्येष्ठता बघितली जाते.

म्हणून ती सेटर बोलते ते चोरून बोलते आहे असं तिला वाटू देऊ नकोस. उघड कर. प्रत्येकीला एका कागदावर, नाव न घालता, चार प्रश्नांची उत्तरं लिहायला सांग: सामना अडला की तू कुणाकडे बघतेस, खचलीस की कुणाकडे जातेस, भांडण झालं तर कुणी मिटवावं, क्लबकडे काही मागायचं तर कुणी मागावं. चारही नावं सरांनी सगळ्यांसमोर जाहीर करावीत. पहिल्या प्रश्नाला त्या सेटरचं नाव येईल, तुलाही ते माहीत आहे. ते येऊ दे, आणि टाइमआउटच्या त्या ३० सेकंदांतली पहिली वीस तिला दे. तुझ्याकडे एकही काम आलं नाही तर वाईट वाटेल. पण बहुतेक एखादं येईलच, आणि ते मतांनी आलेलं असल्यामुळे पट्टीपेक्षा पक्कं असेल.

तिला बाहेर बसवायचा विचार मात्र डोक्यातून काढून टाक. २०१० च्या फुटबॉल विश्वचषकात फ्रान्सच्या निकोला आनेल्कानं मध्यंतरात प्रशिक्षकाला अपशब्द वापरले. महासंघानं त्याला घरी पाठवलं. दुसऱ्या दिवशी संपूर्ण संघानं सराव करायला नकार दिला आणि खेळाडू बसमध्ये जाऊन बसले. शेवटचा सामनाही ते हरले आणि गटात तळाला राहून परतले. आनेल्का चुकला होता, तरीही वरून आलेल्या शिक्षेनं बाकीच्यांना त्याच्याच बाजूला नेऊन उभं केलं. तुझ्या सेटरनं तर अजून काही गुन्हाही केलेला नाही. तिला बसवलंस तर बाकीच्या पाचजणी भिंतीसारख्या उभ्या राहतील, आणि तुमच्यातल्या ज्या दोघीतिघी तिचं ऐकतात, त्यांनाही एक बाजू निवडावी लागेल.

अलेक्झांडर हॅस्लम, स्टीफन रायखर आणि मायकल प्लॅटो या अभ्यासकांनी नेतृत्वाकडे बघायची एक वेगळी रीत मांडली आहे. त्यांच्या मते पुढारी प्रभावी ठरतो तो त्याच्या अंगच्या गुणांपेक्षा लोकांना तो 'आपल्यातला' आणि 'आपल्यासाठी झटणारा' वाटतो म्हणून. शिवाय 'आपण' म्हणजे कोण, याला तो आकार देतो आणि तो आकार रोजच्या वागण्यात दिसेल अशी व्यवस्था लावतो. तू आठजणींना 'आपल्यातली' वाटतेस. चौदाजणींना वाटायला हवीस, आणि त्यासाठी हलायचं तुला आहे.

हलणं म्हणजे काय, याचं मला कायम आठवणारं उदाहरण १९९५ चं आहे. दक्षिण आफ्रिकेच्या रग्बी संघाची हिरवी जर्सी तिथल्या कृष्णवर्णीयांच्या लेखी वर्णद्वेषी राजवटीची खूण होती. आपल्या देशाचा संघ हरावा म्हणून ते टाळ्या वाजवत. २४ जून १९९५ ला, विश्वचषकाच्या अंतिम सामन्याला, नेल्सन मंडेला तीच जर्सी घालून मैदानात आले. पाठीवर कर्णधार फ्रांस्वा पिनारचा ६ नंबर. दुसऱ्या बाजूनं, जवळजवळ सगळा गोरा असलेला तो संघ कृष्णवर्णीयांच्या लढ्यातून आलेलं नवं राष्ट्रगीत म्हणायला शिकला होता. शब्द अनोळखी भाषेतले, तरी शिकला. संघ १५-१२ असा जिंकला. ही गोष्ट सांगताना लोक इथेच थांबतात, मला थांबावंसं वाटत नाही. त्या दिवशी मैदानात उतरलेल्या पंधरांमध्ये चेस्टर विल्यम्स हा एकच खेळाडू गोरा नव्हता. कृष्णवर्णीय कर्णधारानं, सिया कोलिसीनं, तो चषक उचलला तो २०१९ मध्ये, २४ वर्षांनी. जर्सी एका दुपारी घालता येते. मैदानातल्या जागा, निवडीतला वाटा, कोण बोलणार आणि कोण ऐकणार, हे बदलायला वेळ लागतो, आणि ते बदललं नाही तर जर्सीवरचा विश्वासही उडतो. तुझ्या संघात आठ आणि सहाचा प्रश्न आहे, त्या देशाच्या जखमेशी त्याची तुलना नाही. पण तुमची जर्सी घालून त्या आल्या. तुम्ही त्यांचं काय शिकलात?

मी कर्णधार होते तेव्हाची एक गोष्ट सांगते. सामन्याआधी मी संघाची यादी लिहायचे: आधी सहा नावं आणि लिबेरो (फक्त बचावासाठी खेळणारी), मग एक रेघ, आणि खाली 'बाकीच्या'. अख्खा हंगाम तोच शब्द. राखीव खेळाडूंवर माझा राग नव्हता, उलट मला त्या फार प्रिय होत्या, आणि ते त्यांना कळतं असं मी धरून चालले होते. हंगाम संपल्यावर त्यातल्या एकीनं खेळ सोडला. निरोप घेताना तिनं त्या याद्यांपैकी एक माझ्या हातात दिली. काही बोलली नाही. मी यादी चार दिवसांनी नीट बघितली तेव्हा तो शब्द मला दिसला. तिला मी त्यानंतर पत्र लिहिलं, पण ती परत खेळली नाही.

तेव्हा आधी तिच्याशी बोल, त्या सेटरशी. एकटीशी, मैदानाबाहेर, सराव नसलेल्या दिवशी. बॉलचा विषय पहिल्या भेटीत काढू नकोस. तिला विचार की तुमचा जुना क्लब कसा होता, सामन्याआधी तुम्ही काय करायचात, इथे आल्यापासून कशाची आठवण येते. ती पहिल्यांदा 'काही नाही, ठीक आहे' म्हणेल. गप्प बसून राहा. ती जे सांगेल त्यातलं काहीतरी, वॉर्म-अपची एखादी पद्धत, एखादी हाळी, पॉइंट गेल्यावर करायची एखादी खूण, चौदाजणींच्या वापरात यायला हवं, आणि ते तुमच्या आठजणींनी त्यांच्याकडून शिकायला हवं. तुझ्या जुन्या मैत्रिणींना हे आवडणार नाही. 'आपलीच माणसं सोडून ही त्यांच्यात गेली' असंही कुणी म्हणेल. ते तुला सोसावं लागेल, आणि याच ठिकाणी तू खरी कर्णधार आहेस की आठजणींची प्रतिनिधी, हे ठरेल.

मग तीन-चारजणींचे मिसळलेले गट करून एकदा सगळ्यांना बसव आणि विचार की आपण चांगलं खेळतो तेव्हा बघणाऱ्याला काय दिसतं. 'जिद्द', 'एकजूट' असली उत्तरं परत पाठव, कारण ती कुठल्याही संघाला चिकटवता येतात. 'सर्व्हिस नेटमध्ये गेली तर जवळची जाऊन तिच्या हाताला हात लावते', 'टाइमआउटला जुन्या-नव्या एकीआड एक उभ्या राहतो', असं डोळ्यांना दिसणारं काही हवं. तीन गोष्टी पुरेत. आणि त्यात एक अशी असू दे की दुखापत लपवायची नाही आणि खटकलं ते तोंडावर सांगायचं. घट्ट बांधलेल्या संघांत माणसं संघासाठी म्हणून दुखरा गुडघा घेऊन खेळतात, चुकीचं दिसलं तरी गप्प बसतात. तसं 'आपण' मला तुमच्यासाठी नको आहे.

कर्णधारपद आत्ता सोडू नकोस. आत्ता सोडलंस तर त्या सहाजणींनी तुला घालवलं, अशी गोष्ट तयार होईल आणि ती तुमच्या क्लबमध्ये वर्षानुवर्षं सांगितली जाईल. हंगाम संपेपर्यंत हे सगळं करून बघ. त्यानंतर ती पट्टी तिच्या जर्सीवर जास्त शोभेल असं तुला मनापासून वाटलं, तर तू स्वतः सरांना तसं सांग. त्यात हार नाही.

तिची भेट झाली की मला लिही. त्यांच्या जुन्या क्लबात सामन्याआधी काय करायच्या, ते मला वाचायचं आहे.

तुझी,
ताई